४२ बटणांच्या कीबोर्डवर मराठी बसते का? छोट्या, दोन तुकड्यांच्या कीबोर्डची सविस्तर माहिती

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळं, भाजीपाला, कांदा-बटाटा, फुलं, गूळ-भुसार असा घाऊक व्यवहार चालतो. मालाचा भाव ठरला आणि वजन झालं की आडत्याच्या गाळ्यावर पट्टी तयार करावी लागते. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, किती डाग, किती वजन, काय भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि शेवटी हातात येणारी रक्कम. एकेकाळी दिवाणजी हे सगळं हाताने लिहायचे, आता बऱ्याच ठिकाणी ते संगणकावर होतं. टेबल मात्र वाढलेलं नाही. पावत्यांचे गठ्ठे, कॅल्क्युलेटर, प्रिंटर, चहाचा कप आणि उरलेल्या जागेत हातभर लांबीचा कीबोर्ड.

अशा टेबलावर दिवसभर टाइप करणाऱ्यांना हल्ली यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर एक वेगळाच कीबोर्ड दिसतो. मधून दोन तुकडे केलेला, जेमतेम ४२ बटणांचा, आकड्यांची ओळच नसलेला, आणि काही वेळा बटणांवर अक्षरंही नसलेला. मनगटाला आराम मिळतो, जागा वाचते, बोटं कमी फिरतात असं त्याबद्दल सांगितलं जातं. पण हे व्हिडिओ बहुतेक इंग्रजी टायपिंगचे असतात. मराठीत काम करणाऱ्याला तो चालेल का, हा प्रश्न तसाच राहतो.

थोडक्यात उत्तर असं: चालतो, पण डब्यातून काढल्याकाढल्या नाही. ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’ हे नाव टाइप करायला घेतलं तर पहिल्याच शब्दाला गाडी अडते. ती का अडते, ती सुटते कशी आणि एवढा खटाटोप करण्यासारखं त्यात काही आहे का, ते क्रमाने पाहू.

हा कीबोर्ड असतो तरी कसा?

दुकानात सर्रास मिळणाऱ्या पूर्ण कीबोर्डला १०४ बटणं असतात. उजवीकडचा आकड्यांचा भाग, म्हणजे नमपॅड, काढला की ८७ उरतात. वरची एफ-१, एफ-२ ची ओळ आणि बाणांची बटणं काढली की ६१ उरतात. त्याच्याही खाली गेलं की आकड्यांची ओळ जाते आणि फक्त अक्षरांच्या तीन ओळी राहतात. जपानमधल्या एका हौशी रचनाकाराने तयार केलेला ‘कॉर्ने’ हा या वर्गातला लोकप्रिय कीबोर्ड. त्याच्या प्रत्येक तुकड्यात तीन ओळी, सहा उभे रकाने आणि अंगठ्यासाठी तीन बटणं असतात. म्हणजे एका बाजूला २१ आणि दोन्ही मिळून ४२. यातही बाहेरचे रकाने काढून ३६ बटणांवर काम करणारे लोक आहेत.

आकार सोडला तर चार गोष्टी वेगळ्या असतात.

पहिली, दोन तुकडे. साध्या कीबोर्डवर दोन्ही हात मध्ये आणावे लागतात आणि मनगटं करंगळीच्या बाजूला वळतात. तुकडे खांद्याइतके लांब ठेवले की हात सरळ राहतात.

दुसरी, सरळ रकाने. साध्या कीबोर्डवर खालची ओळ वरच्या ओळीच्या बरोबर खाली नसते, थोडी सरकलेली असते. जुन्या टाइपरायटरमध्ये प्रत्येक बटणाखाली एक दांडी जायची आणि त्या दांड्या एकमेकींना लागू नयेत म्हणून बटणं तिरकी बसवावी लागायची. दांड्या गेल्या, तिरकेपणा राहिला. नव्या रचनेत बटणं एकाखाली एक असतात. काही कीबोर्डवर मधल्या बोटाचा रकाना थोडा वर आणि करंगळीचा थोडा खाली असतो, कारण बोटांची लांबी सारखी नसते.

तिसरी, अंगठ्यांना काम. साध्या कीबोर्डवर दोन्ही अंगठे मिळून एकच स्पेसबार दाबतात. इथे प्रत्येक अंगठ्याकडे स्पेस, एंटर, बॅकस्पेस, शिफ्ट यांपैकी दोन-तीन बटणं देता येतात.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, थर. एक बटण दाबून धरलं की बाकी सगळ्या बटणांचा अर्थ बदलतो. शिफ्ट दाबल्यावर छोट्या अक्षराचं मोठं होतं, तसंच, पण इथे असे अनेक थर तयार करता येतात. आकडे एका थरात, बाण दुसऱ्यात, चिन्हं तिसऱ्यात. कोणत्या बटणाने काय करायचं हे कीबोर्डच्या आतल्या प्रोग्राममध्ये बदलता येतं. ‘क्यूएमके’ हा त्यासाठी वापरला जाणारा मोफत आणि खुला प्रोग्राम आहे.

उलटसुलट मांडणीचं वेड नवं नाही

आपण वापरतो ती इंग्रजी मांडणी ‘क्वर्टी’. अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स यांच्या टाइपरायटरमधून ती आली. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने तो बाजारात आणला. ही मांडणी अशीच का ठरली यावर आजही वाद आहे. दांड्या अडकू नयेत म्हणून, हे नेहमी सांगितलं जाणारं कारण. तारयंत्रावर काम करणाऱ्यांच्या सोयीचा त्यात वाटा होता, असं मत जपानी अभ्यासकांनी २०११ मध्ये मांडलं.

१९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोराक आणि विल्यम डीली यांनी वेगळ्या मांडणीचं पेटंट घेतलं. त्यांनी सगळे इंग्रजी स्वर डाव्या हाताखाली मधल्या ओळीत ठेवले आणि जास्त लागणारी व्यंजनं उजव्या हाताखाली. शब्द टाइप करताना एकदा डावा, एकदा उजवा हात चालावा, हा हेतू. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी ‘माल्ट्रॉन’ हा खोलगट कीबोर्ड केला. त्यात इंग्रजीत सर्वाधिक लागणारं ‘ई’ हे अक्षर थेट अंगठ्याला दिलं होतं. २००६ मध्ये शाय कोलमन यांनी ‘कोलमॅक’ मांडणी आणली. तिच्यात क्वर्टीमधल्या १७ बटणांच्या जागा बदलल्या, पण कॉपी-पेस्टची बटणं जागच्या जागी ठेवली.

या मांडण्यांनी वेग खरंच वाढतो का, यावर एकमत नाही. अमेरिकी सरकारी यंत्रणेसाठी १९५६ मध्ये झालेल्या चाचणीत ड्वोराकचा विशेष फायदा दिसला नव्हता. बोटांचा प्रवास कमी होतो एवढं मात्र सरळ मोजता येतं.

मराठीची ‘ड्वोराक’ तुमच्या संगणकात आधीच आहे

स्वर एका हाताला आणि व्यंजनं दुसऱ्या हाताला हीच कल्पना भारतात सरकारी पातळीवर वापरली गेली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही मांडणी ठरवली. पुढे ती भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ मध्ये आली. भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्यामुळे या मांडणीच्या प्रसारात पुण्याचा वाटा मोठा आहे. आज विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत ती फुकट मिळते.

इन्स्क्रिप्टचं तर्कशास्त्र बाराखडीचं आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार डाव्या हाताखाली. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताखाली. म, न, व आणि अनुस्वार मात्र डावीकडे खालच्या ओळीत. कच्ची आणि पक्की जोडी एकाच बटणावर: क वर शिफ्ट दाबलं की ख, ग चा घ, त चा थ, प चा फ. वेलांटीवर शिफ्ट दाबलं की स्वतंत्र इ, उकारावर उ. जोडाक्षराचा हलन्त डाव्या मधल्या बोटाखाली, मधल्याच ओळीत, म्हणजे बोट हलवायलाही लागत नाही.

‘बाजार’ हा शब्द बघा. ब उजवा हात, काना डावा, ज उजवा, काना डावा, र उजवा. पाच बटणं, आणि एकदाही तोच हात लागोपाठ दोनदा चालत नाही. ‘वजन’ मध्ये व डावा, ज उजवा, न डावा. मराठीत व्यंजनामागे स्वर येतच असतो, म्हणून ही लय बऱ्याच शब्दांत सापडते.

आणखी एक फायदा आहे. सगळ्या भारतीय लिप्यांसाठी जागा त्याच आहेत. देवनागरीत क जिथे आहे तिथेच कन्नडचा आणि गुजरातीचा क आहे.

म्हणजे मनगट दुखतं म्हणून वेगळ्या मांडणीचा शोध घेणाऱ्या मराठी माणसाने पहिली पायरी इथेच चढून बघावी. तिला पैसे पडत नाहीत.

मग ४२ बटणांत काय मावत नाही?

इथे इंग्रजी आणि मराठीचा हिशोब वेगळा होतो. इंग्रजीला २६ अक्षरं पुरतात. तीन ओळी गुणिले दहा रकाने म्हणजे ३० बटणं, त्यात २६ अक्षरं बसून चार जागा विरामचिन्हांना उरतात. छोट्या कीबोर्डची सगळी आखणी याच हिशोबावर झाली आहे.

इन्स्क्रिप्टमध्ये मात्र या ३० बटणांच्या बाहेरही अक्षरं आहेत, आणि ती अडगळीतली नाहीत.

ट आणि ठ: मधल्या ओळीत उजवीकडे, अवतरणचिन्हाच्या बटणावर.
ड आणि ढ: वरच्या ओळीत, चौकटी कंस उघडण्याच्या बटणावर.
ञ आणि नुक्ता: त्याच्या शेजारी, कंस बंद करण्याच्या बटणावर.
ऑ आणि त्याची खूण: तिरक्या रेघेच्या बटणावर. ‘ऑफिस’, ‘डॉक्टर’ यांसाठी लागते.
ऋ आणि त्याची खूण: आकड्यांच्या ओळीत, ‘बरोबर’ चिन्हाच्या बटणावर. ‘कृषी’, ‘गृह’, ‘वृत्त’ यांसाठी लागते.
अर्धचंद्र: शिफ्ट आणि दोनच्या आकड्यावर. ‘बॅग’, ‘टॅक्स’ यांसाठी लागतो.
विसर्ग: शिफ्ट आणि उणे चिन्हावर.

आता कॉर्नेसारखा कीबोर्ड जोडून ‘कृषी’ टाइप करायला घ्या. क मिळाला. पुढे ऋ ची खूण हवी, ती आकड्यांच्या ओळीत, आणि ती ओळच नाही. ‘भाडे’ लिहायचंय? भ आणि काना मिळाला, ड ची जागा गायब, कारण तिथे बहुतेक वेळा बॅकस्पेस बसवलेलं असतं. ‘आडत’, ‘गाडी’, ‘खडकी’, ‘हडपसर’ या सगळ्यांची तीच गत. ३६ बटणांच्या कीबोर्डवर ट सुद्धा जातो, म्हणजे ‘बटाटा’ही नाही आणि ‘पट्टी’ही नाही.

आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसह क्ष, ज्ञ, त्र, श्र अशी तयार जोडाक्षरंही असतात, पण त्यांची चिंता नको. क, हलन्त, ष असं टाइप केलं की क्ष आपोआप होतो. बाकीचीही तशीच जुळतात.

जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने, म्हणजे रेमिंग्टन मांडणीवर शिकलेल्यांची अडचण याहून मोठी आहे. तिच्यात अर्धी अक्षरं वेगळ्या बटणांवर असतात आणि जवळजवळ प्रत्येक बटण साधं आणि शिफ्टसह असं दोन्ही रीतीने वापरात असतं. तिथे बटणं कमी करायला फारशी जागाच नाही.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना मात्र हा प्रश्न येत नाही. त्यांना २६ अक्षरं पुरतात. फक्त बटणं जास्त दाबावी लागतात. ‘कृषी’ ला इन्स्क्रिप्टमध्ये चार बटणं आणि एकदा शिफ्ट, तर ‘के-आर-यू-एस-एच-आय’ मध्ये सहा बटणं.

ड ला घर कसं द्यायचं?

कीबोर्डचा प्रोग्राम बदलता येतो, त्यामुळे हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. ४२ बटणांच्या कीबोर्डवर उजव्या बाहेरच्या रकान्यात तीन बटणं असतात. त्यांत वरून खाली असं बसवायचं:

वर चौकटी कंस, म्हणजे ड आणि ढ.
मध्ये अवतरणचिन्ह, म्हणजे ट आणि ठ.
खाली ‘बरोबर’ चिन्ह, म्हणजे ऋ ची खूण.

वरचं बॅकस्पेस अंगठ्याकडे द्यायचं. ऑ ची खूण, ञ, अर्धचंद्र आणि विसर्ग एका थरात टाकायचे. अर्धचंद्रासाठी ‘शिफ्ट अधिक दोन’ ही जोडी एकाच बटणाला देता येते.

असं केल्यावर ड आणि ट जवळजवळ मूळ जागी राहतात आणि ऋ ची खूण उलट जवळ येते. पूर्ण कीबोर्डवर ती दोन ओळी वर आणि दोन रकाने बाहेर असते, इथे य च्या शेजारी.

उजवी करंगळी: मराठीचा खरा भार

छोट्या कीबोर्डचा मराठीला सगळ्यात मोठा फायदा कुठे होऊ शकतो, ते इंग्रजी व्हिडिओंत दिसणार नाही. इन्स्क्रिप्टची रचना हात बदलण्याच्या दृष्टीने चांगली आहे, पण तिने एका बोटावर बराच भार टाकला आहे. च, छ, ज, झ, ट, ठ, ड, ढ, ञ, य, ऋ आणि ऑ हे सगळं उजव्या करंगळीच्या वाट्याला येतं. त्यावर एंटर, बॅकस्पेस आणि उजवीकडचं शिफ्टही तिचंच. ‘पट्टी’ या एका शब्दात ती दोनदा चालते, आणि पट्टी संपली की एंटरलाही तीच जाते.

अंगठा हाताचं सगळ्यात दणकट बोट, आणि साध्या कीबोर्डवर त्याला फक्त स्पेसबार. बॅकस्पेस आणि एंटर अंगठ्यांकडे गेले की करंगळीचा लांबचा प्रवास वाचतो. शिफ्टही अंगठ्याला देता येतं. ते दाबून धरायचं नसेल तर ‘एकदा दाबा, पुढच्या एका अक्षरापुरतं लागू’ अशी सोय करता येते. ख, घ, थ, ध, भ साठी दर वेळी शिफ्ट लागणाऱ्या लिपीत ही सोय इंग्रजीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

यातला बराचसा फायदा नवा कीबोर्ड न घेताही मिळतो. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबलं की ‘स्टिकी कीज’ ही सोय चालू होते आणि शिफ्ट धरून ठेवावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘पॉवरटॉइज’ मधून कॅप्सलॉकच्या बटणाला बॅकस्पेसचं काम देता येतं. इन्स्क्रिप्टमध्ये कॅप्सलॉक तसंही फारसं कामाचं नसतं. बॅकस्पेस डाव्या हाताला गेलं की उजवी करंगळी तेवढी मोकळी होते.

कोलमॅक घेतलं आणि मराठी बिघडली, असं का होतं?

वेगळ्या कीबोर्डबरोबर इंग्रजीची वेगळी मांडणीही घ्यावी असा मोह होतो. तिथे एक खाच आहे. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं क करायचं की इंग्रजी ‘के’, ते विंडोज ठरवतं.

कोलमॅक कीबोर्डच्या आतल्या प्रोग्राममध्ये बसवलं, तर ‘के’ च्या जागचं बटण ‘ई’ चा क्रमांक पाठवतं. मराठी चालू असेल तर ‘ई’ च्या क्रमांकावर काना असतो. म्हणजे बोट गेलं क वर आणि उमटला काना. सगळी बाराखडी विस्कटते.

यावर दोन मार्ग आहेत. कोलमॅक किंवा ड्वोराक कीबोर्डमध्ये न बसवता संगणकाच्या भाषा-सेटिंगमध्ये बसवायचं. मग मराठीकडे वळलं की इन्स्क्रिप्ट आपल्या जागी येतं. किंवा कीबोर्डमध्ये मराठीसाठी क्वर्टीच्या जागांचा वेगळा थर ठेवायचा आणि भाषा बदलताना तोही बदलायचा. पहिला मार्ग सोपा, कारण दुसऱ्यात भाषा एकीकडे आणि थर दुसरीकडे राहिला की गोंधळ होतो.

आणि आकडे?

पट्टीत शब्द कमी आणि आकडे जास्त. वजन, भाव, डाग, हमाली, रक्कम. ज्याचा हात नमपॅडवर बसलेला आहे, त्याचं निम्मं कामच छोट्या कीबोर्डने काढून घेतल्यासारखं होतं.

थरातून नमपॅड परत आणता येतो. डाव्या अंगठ्याने एक बटण धरायचं आणि उजव्या हाताखालच्या नऊ बटणांना सात-आठ-नऊ, चार-पाच-सहा, एक-दोन-तीन करायचं. शून्य उजव्या अंगठ्याला. जागा नमपॅडसारख्याच राहतात आणि हात हलवावा लागत नाही. थोडे आकडे असतील तर हे छान चालतं. पण सलग तासभर रकाने भरायचे असतील, तर एका अंगठ्याने बटण धरून ठेवणं हाच नवा त्रास होतो. त्यासाठी ‘एकदा दाबून चालू, पुन्हा दाबून बंद’ असा थर ठेवावा.

एक तांत्रिक गोष्ट इथे महत्त्वाची. संगणकासाठी आकड्यांच्या ओळीतला पाच आणि नमपॅडवरचा पाच ही दोन वेगळी बटणं आहेत. मराठी चालू असताना ओळीतल्या बटणातून देवनागरी आकडा येऊ शकतो, नमपॅडमधून नेहमीचा इंग्रजी. बिलाच्या सॉफ्टवेअरला कोणता आकडा हवा ते आधी बघावं आणि थरात तेच बटण बसवावं. नमपॅडचे क्रमांक वापरले तर नमलॉक चालू असावं लागतं.

याहून सोपा उपाय म्हणजे १७ बटणांचा सुटा नमपॅड. तो डावीकडे ठेवता येतो, हवा तेव्हाच काढता येतो, आणि उजवीकडे माउस हाताजवळ येतो.

दुखणं थांबतं का?

पोत्याचं ओझं दिसतं. मार्केट यार्डात हमालांच्या पाठीवरचं वजन कमी करावं ही मागणी संघटनांनी अनेक वर्षं लावून धरली. टेबलावरच्या कामाचा ताण तसा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अंगावर काढला जातो. मुंग्या येणं, पकड सैल होणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं या गोष्टी ‘जरा जास्त काम झालं’ म्हणून सोडून देऊ नयेत. कोणताही कीबोर्ड घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावं.

कीबोर्डबद्दल प्रामाणिकपणे सांगता येतं ते एवढंच: दोन तुकड्यांच्या कीबोर्डवर मनगट बाहेर वळणं कमी होतं, हे मोजून दिसलेलं आहे. त्याने दुखणं होणारच नाही, असं मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेच्या ‘निऑश’ या सरकारी संस्थेने १९९७ मध्येच पर्यायी कीबोर्डवरच्या माहितीपुस्तिकेत, त्यांनी इजा टळते असा निर्णायक पुरावा नाही, असं म्हटलं होतं. खुर्चीची उंची, कोपराला आधार आणि मधूनमधून विश्रांती या गोष्टी कीबोर्डइतक्याच महत्त्वाच्या आहेत. टेबल उंच आणि खुर्ची खाली असेल, तर कोणताही महागडा कीबोर्ड खांदे उतरवू शकत नाही.

करून बघायचंच असेल तर

आधी आपला हिशोब काढा. आपण रोज टाइप करतो असा एक खरा कागद घ्या: एक पट्टी, एक पत्र, एक पोस्ट. त्यात ड, ट, ऋ ची खूण, ऑ आणि आकडे किती वेळा आले ते मोजा. जितके जास्त, तितका छोटा कीबोर्ड जड जाईल.

मग आहे त्या कीबोर्डवर इन्स्क्रिप्ट शिका, किंवा येत असेल तर न बघता टाइप करायची सवय लावा. ज्याला बटणं बघावी लागतात, त्याला अक्षरं नसलेल्या किंवा फक्त इंग्रजी अक्षरं असलेल्या कीबोर्डचा उपयोग नाही.

त्यानंतर जागेचाच प्रश्न असेल तर ६१ बटणांपाशी थांबायला हरकत नाही. त्यात आकड्यांची ओळ आणि सगळे कंस असतात, त्यामुळे इन्स्क्रिप्टचं एकही अक्षर हरवत नाही. दोन तुकडेच हवे असतील तर आकड्यांची ओळ असलेले पर्यायही आहेत. ‘लिली५८’ मध्ये ५८ बटणं असतात, ‘एर्गोडॉक्स ईझी’ मध्ये ७६.

पहिले काही दिवस वेग कोसळतो. सरळ रकान्यांवर बोटं चुकतात. ज्यांना व उजव्या हाताने किंवा ब डाव्या हाताने टाइप करायची सवय आहे, त्यांना तुकड्यांमधली रिकामी जागाच लागते. म्हणून गर्दीच्या वेळी नवा कीबोर्ड वापरायला काढू नये. एका संगणकाला दोन कीबोर्ड एकाच वेळी जोडता येतात. जुना जोडलेलाच ठेवावा आणि नव्यावर रोज अर्धा तास निवांत सराव करावा.

संगणक एकट्याचा नसेल तर आणखी विचार हवा. एकाच्या सवयीचे थर दुसऱ्याला कळत नाहीत. दिवाणजी सुट्टीवर आणि गाळ्यावर दुसऱ्याने पट्टी काढायची असेल, तर साधा कीबोर्ड हाताशी हवाच. मिरची किंवा भुसारच्या गाळ्यावर धूळही बरीच असते, त्यामुळे टोप्या काढून साफ करता येतील अशी बटणं असलेला कीबोर्ड बरा.

आणि टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर प्रयोग नंतर करावा. पुण्यातल्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांचे टप्पे आहेत. परीक्षा केंद्रावर साधाच कीबोर्ड समोर येतो आणि त्याच्यावरच हात बसलेला हवा.

थोडक्यात, कोणाला उपयोग?

दिवसभर मराठी मजकूर लिहिणारे, इन्स्क्रिप्टवर न बघता टाइप करणारे, स्वतःचा संगणक असणारे आणि सेटिंग करायला न कंटाळणारे: त्यांना ४२ बटणांचा कीबोर्ड, उजवा रकाना बदलून, करंगळीला खरोखर आराम देऊ शकतो.

दिवसभर आकडे भरणारे: त्यांनी नमपॅड सोडू नये. फार तर तो सुटा घ्यावा.

रेमिंग्टन मांडणीवर अनेक वर्षांचा हात बसलेले: त्यांना पूर्ण कीबोर्डच सोयीचा. हवं तर दोन तुकड्यांचा, पण जास्त बटणांचा.

आणि ज्यांचं मनगट दुखतंय पण अजून काहीच बदललेलं नाही: त्यांनी आधी डॉक्टर, मग खुर्ची, मग इन्स्क्रिप्ट, मग कॅप्सलॉकचं बॅकस्पेस, आणि सगळ्यात शेवटी नवा कीबोर्ड या क्रमाने जावं. या यादीतला सगळ्यात शेवटचा खर्च बऱ्याच जणांना करावाच लागणार नाही.